आवरलेलं घर

अनसूयाबाई स्टुलावर चढून जाड पडद्याच्या कड्या एकेक करून दांडीवरून ओढत होत्या. खाली स्टूल धरून उभी असलेली कामवाली कमळाबाई त्यांच्यापेक्षा जास्त धापा टाकत होती.

"ताई, तुम्ही पडलात तर पुण्याचे साहेब मला बोलतील."

"बोलू दे. तोवर वाळ्याचा पडदा वर दे."

होळी होऊन गेली होती. दर वर्षी याच सुमारास कॉलेज रोडवरच्या या फ्लॅटमध्ये उन्हाळा मांडला जाई. गोधड्या कडुनिंबाचा पाला घालून ट्रंकेत जात, गालिचा गुंडाळून गार फरशी मोकळी होई, आणि पलंग पश्चिमेच्या खोलीतून पूर्वेच्या खोलीत जाई. शेजाऱ्यांच्या मते ही म्हातारीची हौस. पण यजमान गेले त्या वर्षी अनसूयाबाईंनी घरातलं काहीच हलवलं नव्हतं, आणि ते अख्खं वर्ष अंथरुणात काढलं होतं. तेव्हापासून ब्लडप्रेशरच्या गोळीइतक्याच नेमाने त्या पलंग हलवत.

दुपारी त्यांचा मुलगा आल्हाद पुण्याहून आला आणि दारातच थबकला. वाळ्याचा ओला वास, कोपऱ्यात तिवईवर नवा माठ, खिडकीत मोगऱ्याची कुंडी. एकही खोकं बांधलेलं नव्हतं.

"आई, हे काय? टेम्पो येतोय मागून. फोनवर सांगितलं होतं ना, घर आवरून ठेव म्हणून?"

"आवरलंय की. पलंगाखाली वाकून बघ, केर सापडला तर सांग."

"आवरून म्हणजे... आवरून गं! कायमचं!"

"मग तसं म्हणायचं. कायमचं म्हणताना जीभ अडली का तुझी?"

आल्हादने हातातला मोबाइल उगाच उलटा केला, सुलटा केला. कंपनीत माणसांच्या बदल्या करणं हेच त्याचं काम होतं, आणि त्यात तो वाकबगार समजला जाई.

"तुझी खोली तयार आहे. एसी आहे. उन्हाळा कधी आला नि गेला, कळणारसुद्धा नाही."

"मला कळायला हवा."

"जानेवारीत चक्कर आली होती. एकटी होतीस."

"आली होती," अनसूयाबाई म्हणाल्या. ते नाकारण्याइतक्या त्या खोटारड्या नव्हत्या. "तिथला पलंग हलतो का?"

"काय?"

"मागच्या मे महिन्यात होते ना तुमच्याकडे. खिडकीपाशी ओढायला गेले, तर भिंतीला ठोकलेला. टेबल ठोकलेलं, कपाट ठोकलेलं. सूनबाईनं हौसेनं करून घेतलंय, दिसतंही छान. त्या खोलीत सुटी म्हणून मी तेवढी होते. उद्या मलाही ठोकाल."

कमळाबाईने तोंडाला पदर लावला.

खाली हॉर्न वाजला. थोड्या वेळाने दोन हमाल वर आले. त्यातल्या नाथाने खांद्यावरचा दोर खाली टाकला.

"साहेब, आधी काय काढायचं?"

आल्हादने तोंड उघडलं, पण अनसूयाबाई आधीच उठल्या होत्या.

"बरं झालं आलात. हे सागवानी कपाट काही माझ्याच्यानं हलत नाही. त्या पश्चिमेच्या भिंतीला लावून द्या. दुपारचं सगळं ऊन तिथूनच आत येतं."

"आजी, टेम्पोत टाकायचं हाय ना?"

"नाही."

नाथाने साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी आईकडे. तिने पदर खोचला होता आणि कपाटाच्या कोपऱ्याला दोन्ही हात लावले होते. तिने जोर केला, कपाट ढिम्म. पुन्हा केला. मानेवरच्या शिरा ताठ झाल्या. कुणाकडेही न बघता तिने तिसऱ्यांदा पाय रोवले.

"सोड आई. सोड म्हणतो ना!"

आल्हादने बाह्या वर सारल्या, तिला बाजूला केलं आणि तो कोपरा स्वतः धरला.

"हां, आता लावा जोर," नाथा म्हणाला.

कपाट करकरत निघालं आणि भिंतीला टेकलं. आल्हादने तळवे झटकले. मग भिंतीवर हात ठेवून पाहिला आणि चटकन काढून घेतला. वाकून कपाटामागची फट बघत राहिला.

"पावसाळ्यात इथे ओल धरते," तो फटीकडे बघतच म्हणाला. "जूनच्या आधी हे पुढे ओढावं लागेल."

अनसूयाबाईंनी पाण्याचा तांब्या नाथापुढे धरला.

"ऐकलंत ना? साहेब म्हणताहेत, जूनच्या आधी या."