हॉटेलामागची मधली खोली

माधवनगर रस्त्यावरच्या त्या मोठ्या हॉटेलाची पाठ आमच्या अंगणाकडे आहे. पुढून काचा, कारंजं आणि सलाम ठोकणारा फेटेवाला. मागून वाळत घातलेल्या चादरी आणि भांड्यांचा खणखणाट. मला त्याची पाठच माहीत. तिथं सारख्या परिषदा भरतात, कधी डॉक्टरांच्या, कधी द्राक्षवाल्यांच्या. आलेली माणसं रुबाबात आत जातात, खोलीचं भाडं ऐकतात आणि बाहेर येऊन पानपट्टीवाल्या गुंडाला हळूच विचारतात, जवळपास जरा स्वस्तात सोय होईल का? गुंडा माझ्या घराकडे बोट दाखवतो. दिवसभर ऐट तिकडे, रात्री पाठ टेकायला माझ्याकडे. त्या हॉटेलाच्या जिवावर माझ्या तीन खोल्या चालतात, तरी ते मला आवडत नाही.

मी चंदनबाला. नवरा गेल्यापासून खोल्या देते. माझे नियम पहिल्या दिवशीच सांगून टाकते. अंडी-मटण आणायचं नाही. दिवस मावळल्यावर माझी चूल पेटणार नाही. पाणी गाळलेलंच मिळेल. घरातली भांडी वेगळी, भाडेकरूंची वेगळी. पटलं तर राहा, नाहीतर पुढे कारंजं आहेच. एक नियम मात्र माझा माझ्यापुरता आहे: खोटं बोलायचं नाही. मुनिमहाराजांपुढे घेतलेलं व्रत आहे ते.

मधल्या खोलीत दिवाळीपासून क्रांती राहत होती. खंडाळ्याकडची पोर, माधवनगरात दिलेली. पाच वर्षांत मूल झालं नाही, म्हणून पाडव्याच्या दिवशी सासूनं तिच्या हातात बॅग दिली. ‘चार दिवस माहेरी जाऊन ये.’ नवऱ्यानं, वीरधवलनं, तिला स्टँडवर सोडलं आणि म्हणाला, मी फोन करतो. ती माहेरच्या गाडीत चढलीच नाही. एका चष्म्याच्या दुकानात बिलं करायचं काम धरलं आणि माझ्याकडे येऊन राहिली. तिनं पत्ता कळवल्यावर पंधरवड्यानं त्यानं टेम्पोतून तिची ट्रंक आणि लग्नातली भांडी पाठवून दिली. एवढ्यावर शेंबड्या पोरालाही काय ते कळलं असतं. ही म्हणाली, “घराला रंग काढला असंल, काकू.” भांड्यांचं गाठोडं तिनं सोडलंसुद्धा नाही. परत जायचंच आहे, मग कशाला सोडायचं?

मला तिचा राग यायचा. फोन वाजला की हातातलं टाकून धावायची, आणि तो दुकानाच्या मालकाचा निघायचा.

फाल्गुनात एका सकाळी फोन खरंच घरचा आला. तिच्या वडिलांचा. बोलून झाल्यावर ती माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन बसली.

“काकू, आबा येत्यात. हाटेलात हळदीची परिषद हाय दोन दिवस. तितलं भाडं ऐकून म्हणत्यात, तेवढ्यात माझी बियाण्याची हळद ईल. जवळच कुठंतरी स्वस्तातली खोली बघ म्हणाले.”

“तुझं हितं ऱ्हाणं त्यांना म्हाईत न्हाई. मग तुझ्या सासरी का न्हाई उतरत?”

“आबा माझ्या घरी पाणीबी पीत न्हाईत. लेकीला मूल होईस्तवर तिच्या घरचं पाणी प्यायचं न्हाई, असं हाय आमच्यात. पाच वर्सांत दोनदा आले, गेटावरनंच बोलून गेले.”

म्हणजे या रीतीनंच तिला झाकून ठेवलं होतं. बाप आत येत नाही, त्यामुळे लेक आत आहे की नाही हे त्याला कळायचं कारण नव्हतं.

परिषदेमुळे गावातल्या सगळ्या लॉजवर गर्दी. माझ्या कडेच्या दोन्ही खोल्या परराज्यातल्या हळदीच्या व्यापाऱ्यांनी आधीच धरलेल्या. उरली मधली. तिची.

“मी माझी खोली देते आबास्नी,” ती म्हणाली. “मी तुमच्यात निजीन. तुमी फकस्त काय बोलू नगा. संयोगिताचं लगीन वैशाखात धरलंय. थोरली परत आली म्हटल्यावर धाकटीला कोण नेणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, काकू.”

“कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं ऱ्हात न्हाई,” मी म्हणाले. “आणि एक ऐक. मी आपणहून काय सांगणार न्हाई. पण त्यांनी तोंडावर इचारलं, तर मला खोटं बोलता यायचं न्हाई.”

“न्हाई इचारायचे. त्यांना काय म्हाईत?”

आम्ही खोली रिकामी केली. तिची ट्रंक, आरसा, भांड्यांचं गाठोडं, सगळं माझ्या स्वयंपाकघरात आलं. भिंतीवरच्या टिकल्या तिनं नखानं खरवडून काढल्या. एवढ्या निगुतीनं कुणी आपला संसार लावत असेल. ही पुसत होती.

तिचे आबा, लालासाहेब, दुपारी आले. सैन्यातून सुभेदार होऊन निवृत्त झालेला उंच माणूस, हातात पिशवी, कपड्यांना कडक इस्त्री. खोली बघून खूश झाले. “फस्क्लास. हाटेलवाल्याच्या तोंडात मारली पोरीनं. ताई, माझ्या लेकीची वळख हाय व्हय तुमच्यासंगं?”

“हाय की,” मी म्हणाले. तेवढं खरंच होतं.

“लय हुशार हाय ती. जावईबी चांगला मिळाला. आमी काय जात न्हाई तिच्या घरात, पर गेटावरनंच कळतं माणसाला, घर कसं हाय ते.”

मी पदरानं उगाच चौकट पुसली.

संध्याकाळी क्रांती मागच्या दारानं बाहेर पडली, बोळातून वळसा घेऊन पुढच्या फाटकातून पाहुणी म्हणून आत आली. गळ्यात मंगळसूत्र, हातभर हिरव्या बांगड्या. डबाबिबा काही आणला नव्हता, लेकीनं आणलेलं बाप खाणार नाही हे ठाऊक होतं. अंगणातल्या बाकावर दोघं बसली.

“आवं आबा, तुमाला गेटावर बोलावलं असतं, पर घराला रंग काढलाय. सगळा पसारा.”

तिच्या तोंडून तो रंग मी पुन्हा ऐकला.

“आसू दे, आसू दे. वीरधवल काय म्हणत्यात?”

“बरे हायत. कामावनं रात्री येत्यात.”

“नातवंड हू दे, मग बग. तुझ्या घरात मांडी घालून बसतो आन् तांब्याभर पाणी पितो. तवर मात्र न्हाई बाय. आमच्या आज्ज्यानंबी पाळलं, बानंबी पाळलं.”

“व्हय आबा,” ती हसली. हसताना ती त्यांच्याकडे नाही, हॉटेलाच्या मागच्या भिंतीकडे बघत होती. रात्री माझ्या स्वयंपाकघरात ती भिंतीकडे तोंड करून झोपली. पलीकडच्या खोलीत बापाचं घोरणं ऐकू येत होतं, तिच्याच गादीवर.

दुसऱ्या दिवशी परिषद दुपारीच उरकली. लालासाहेब गळ्यातला बिल्ला तसाच ठेवून आले आणि पिशवी भरायला लागले. इस्लामपूरहून पुढची गाडी धरायची होती.

“ताई, जरा पाणी मिळंल का? हाटेलात तसल्या बारक्या बाटल्या देत्यात, घसा वला होत न्हाई.”

मी आत गेले. भाडेकरूंचे सगळे तांबे व्यापाऱ्यांच्या खोल्यांत अडकलेले. घरातलं भांडं द्यायला माझा हात धजेना. मटण खाणारा माणूस. क्रांतीचं गाठोडं समोर होतं. त्यातला पितळी तांब्या काढला, विसळला, गाळलेलं पाणी भरलं, वर फुलपात्र पालथं घातलं आणि नेऊन दिलं. आमच्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर नाव घालतात, हे काय मला ठाऊक नव्हतं? माझ्या स्वतःच्या सगळ्या भांड्यांवर माझ्या बापाचं नाव आहे. पण त्या वेळी मला माझ्या ताटवाट्यांच्या सोवळ्यापलीकडे काही सुचलं नाही.

लालासाहेबांनी फुलपात्र उचललं, तांब्या कलता केला आणि थांबले. अक्षरांवरून अंगठा फिरवला. चि. क्रांतीस, आई-आबांकडून. वाईच्या भांड्यांच्या दुकानाबाहेर मशीन घेऊन बसलेल्या माणसाकडून त्यांनीच ते घालून घेतलं असणार, कारण त्यांनी ते पूर्ण वाचलंच नाही. त्यांनी खोलीकडे बघितलं. खिडकीच्या गजाला एक केसांची पिन राहिली होती. आम्हा दोघींनाही ती दिसली नव्हती.

“ताई, हितं कोण ऱ्हातं?”

खोटं एका शब्दाचं होतं. मला त्या क्षणी माझ्या व्रताचा मनस्वी राग आला.

“क्रांती,” मी म्हणाले.

“कवापासनं?”

“दिवाळीपासून.”

ते खाली बसले. मग स्वतःशीच म्हणाले, “दोनदा आलो. गेटावरनं म्हागारी गेलो. एकदा आत गेलो असतो, तर कळलं असतं की वो.” सुभेदाराचा आवाज असा फुटलेला ऐकवत नाही.

तेवढ्यात फाटक वाजलं. क्रांती बापाला निरोप द्यायला आली होती, बांगड्या वाजवत. “आबा, आटपा, गाडी चुकंल. मलाबी घरी जाऊन सैपाक करायचाय...”

तिला तांब्या दिसला. ती चौकटीतच थांबली.

“ये,” लालासाहेब म्हणाले. “पाणी दे मला. तुझ्या हातानं.”

तिनं माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली.

“दे पोरी. आज तुझ्या घरचं पाणी पितो मी.”

“नगं आबा.”

“का नगं? रीत गेली खड्ड्यात. माझी लेक उघड्यावर पडली, आन् मी रीत धरून बसू?”

“आबा, नगा पिऊ,” ती पुढे आली, तांब्यावर हात ठेवला. “त्ये न्हेतील मला. रंग झाला की न्हेतील. मूल हुईल, मग प्या की. वाईच थांबा. पाच वर्सं थांबलासा, आणि थोडं थांबा.”

बापाला ते ऐकूच गेलं नाही, की ऐकून समजलं नाही, देव जाणे. त्यांनी तिचा हात हळूच बाजूला केला, फुलपात्र भरलं आणि एका दमात प्यायले. मग दुसरं. पाणी त्यांच्या मिशांवरून बिल्ल्यावर सांडलं. आपण लेकीला जवळ केलं, असंच त्यांना वाटत होतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती भिंतीला टेकून खाली सरकली आणि मोठ्यानं रडायला लागली. तिला तसं रडताना मी चार महिन्यांत बघितलं नव्हतं. आजवर तिनं आशेवरच दिवस काढले होते, आणि बापानं पाणी पिऊन तिला सांगून टाकलं होतं की आता कुणीच वाट बघत नाही.

“चल घरला,” ते म्हणाले.

तिनं डोळे पुसले. “संयोगिताचं लगीन होऊ द्या आधी. तवर आईलाबी सांगू नगा.”

पिशवी उचलून ते फाटकापर्यंत गेले आणि तिथं सवयीनं उभे राहिले. मग मान न वळवता गुंडाच्या पानपट्टीवरून स्टँडच्या रस्त्याला लागले.

दिवस मावळायच्या आत मी भाकरी टाकल्या. क्रांती ट्रंक परत मधल्या खोलीत घेऊन गेली. कुलूप उघडल्याचा आवाज आला; साड्या खुंटीवर लागल्या. थोड्या वेळानं ती तांब्या घासून माझ्या उंबऱ्याशी आली. मनगटं मोकळी होती, बांगड्या काढल्या होत्या.

“काकू, ह्यो आता भाडेकरूंच्या भांड्यांत ठेवा.”

मी तांब्या घेतला आणि त्या फळीवर ठेवून दिला.