शेवटचं गाणं दाराचं

रविवारी दुपारी गाड्यांच्या सीट कव्हरच्या त्या दुकानाचं शटर अर्धं खाली असायचं आणि आत भांडण पूर्ण जोरात. भांडणारे तिघं ठरलेले: दुकानाची मालकीण, मागच्या गल्लीतला दातांचा डॉक्टर आणि मालकिणीचा धाकटा दीर. नवऱ्याचं घर सोडून तिला जमाना झाला होता, पण दिराचं येणं काही थांबलं नाही. त्याच्यासाठी ती अजून 'वहिनी', आणि तिच्यासाठी तो 'भाऊजी'. नातं टिकवलं होतं एका अल्बमनं.

रॉकचा जुना अल्बम. तिघांच्या तरुणपणातला. त्यावर अजून काय भांडायचं, असं कुणी विचारलं तर तिघं मिळून त्यालाच खायला उठायचे. डॉक्टर दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावायचा, रविवारी त्याचं स्वतःचं बंद होत नसे. त्याच्या मते अल्बम टिकला तो गिटारमुळे. भाऊजींच्या मते गाणारीच्या आवाजामुळे.

"गिटार गेली खड्ड्यात," वहिनी म्हणायची. "टिकला तो शेवटच्या गाण्यामुळे."

शेवटचं गाणं म्हणजे दाराचं. ड्रम धडधडत येतात, गाणारी बाई अख्ख्या घराला ऐकू जाईल असं दार आपटते आणि चालू लागते. संपलं. मागे वळून बघायची बातच नाही. भाऊजींनी कुणाची तरी रेकॉर्ड मागून आणून वहिनीला कॅसेट भरून दिली होती, तिच्यात हे गाणं सगळ्यात शेवटी होतं. नवऱ्यानं 'घरात खडखड नको' म्हणून तिचं शिलाई मशीन तिला न विचारता विकून टाकलं, त्या दुपारी ती कॅसेट शेवटपर्यंत ऐकत बसली. मग पिशवी भरली आणि दार असं आपटलं की कडी निखळून खाली पडली. पुढचं सगळं, हे दुकान, ही जाड रेक्झिन शिवणारी मशीनं, त्या आवाजानंतरचं.

या रविवारी भाऊजी आले ते काखेत कोरी करकरीत रेकॉर्ड घेऊन. अल्बम नव्यानं निघाला होता. आणि येताना एक निरोपही आणला होता.

"वहिनी, दादा म्हणतोय झालं गेलं विसर आणि घरी ये. गुडघे गेलेत त्याचे. एकटा पडलाय. आज तुमचं उत्तर घेऊनच जाणार मी."

"गुडघे गेले तेव्हा बायको आठवली होय?"

"आधी हे ऐका तर खरं." भाऊजींनी रेकॉर्ड लावली.

सुई टेकली, गाणी वाजत गेली आणि पहिली बाजू संपली ती दाराच्या गाण्यानं! वहिनीच्या हातातली कात्री तिथंच थांबली.

"उलटी लावलीत."

"नाही वहिनी. हीच पहिली बाजू. त्या मागून आणलेल्या रेकॉर्डवरचा बाजू सांगणारा कागद फाटलेला होता, मी दुसरी बाजू आधी भरली. चुकलं माझं. आपण सगळे आजवर उलटंच ऐकत आलो."

डॉक्टरनं कपाळावर हात मारला. भाऊजींनी बाजू उलटली, गाण्यामागून गाणी गेली आणि सगळ्यात शेवटी आलं ते दिव्याचं गाणं: खिडकीत दिवा लागलाय, मी थकून परत आलेय, दार उघड.

"बघा," भाऊजी हळूच म्हणाले. "शेवटी ती घरी येते. म्हणूनच टिकला हा अल्बम. खरा शेवट हा आहे."

खोटं कशाला बोला, वहिनी हादरली. गाणं सुंदरच होतं, आणि शेवटी तर जास्तच सुंदर वाटत होतं. आपण बाहेर पडलो ते एका चुकीच्या जोरावर? तिनं आजूबाजूला पाहिलं. फोमचे गठ्ठे, सुयांचा डबा, अर्धी शिवलेली सीट, आणि ते अवजड मशीन, जे तिच्यावाचून कुणाला विकता येणार नव्हतं.

"काय हो डॉक्टर?" तिनं विचारलं. "तुमचं काय मत?"

"क्रमाला किंमत असते हो," डॉक्टर चाचरत म्हणाला. "ज्यांनी बनवला त्यांनी विचार करूनच..."

"त्यांनी त्यांचा विचार केला. मशीन त्यांचं नव्हतं विकलं कुणी!"

ती उठली. रेकॉर्ड उचलली, फिरवली आणि दुसरी बाजू आधी लावली. दिव्याचं गाणं आलं आणि गेलं. भाऊजी चुळबुळत राहिले, पण तिनं कुणाला उठू दिलं नाही. मग तिनं बाजू पालटली आणि सुई दाराच्या गाण्यावर ठेवली. ड्रम धडधडत आले. दार आपटायच्या क्षणी डॉक्टरची टाच आपसूक जमिनीवर आपटली. भाऊजींचीही आपटली, आणि ते ओशाळले.

गाणं संपताच तिनं सुई उचलली.

"भाऊजी, ती कॅसेट तुम्ही चुकून उलटी भरलीत ना?"

"हो वहिनी. माफ करा."

"माफी कसली मागता? तुमच्या घरानं माझं केलेलं तेवढंच एक भलं. आणि तेही चुकून!"

डॉक्टर खो खो हसत सुटला. भाऊजींना हसावं की रडावं कळेना. त्यांनी रेकॉर्डचं रिकामं पाकीट काखेत मारलं.

"ते ठेवा इथं. रेकॉर्ड माझ्याकडेच राहणार."

"मग दादाला काय सांगू?"

तिनं अर्धं शटर दोन्ही हातांनी धाडकन वर ढकललं. दुकानात ऊन आलं.

"सांगा, माझ्याकडे दाराचं गाणं शेवटी आहे. आणि पुढच्या रविवारी वेळेवर या."