मागून आलेला कांगारू

"हेझल पिअर्स, वय एकाहत्तर, यांच्या सायकलीपुढे सकाळी साडेसातच्या सुमारास अचानक कांगारू आला. ब्रेक वेळेवर लागले नसावेत. अन्य कोणत्याही वाहनाचा संबंध आढळला नाही."

मित्रांनो, हेझलच्या मृत्यूच्या सरकारी चौकशीचा निष्कर्ष एवढाच आहे. पहिली दोन वाक्ये खोटी आहेत. तिसरे त्याहून वाईट आहे, कारण ते अक्षरशः खरे आहे. जे शोधलेच नाही, ते आढळत नसते.

मी ती सायकल आहे. पुढच्या अर्ध्या अंगाने तरी अजून तीच आहे.

कांगारू पुढ्यात आला असता, तर पुढचे चाक धरणारा माझा चिमटा वाकला असता, पुढची रिंग दुमडली असती. माझ्या पुढच्या चाकाचा एक स्पोकसुद्धा ढिला झाला नव्हता. चुरगळले होते ते मागचे चाक, मागचे मडगार्ड आणि कॅरिअर. परंतु पोलिसाने माझा फोटो समोरून काढला. ऊन त्याच्या पाठीशी होते, त्यामुळे फोटो सुरेख आला. तो निष्कर्षाला जोडलेला आहे. ब्रेक कोणी दाबूनही पाहिले नाहीत. आमच्या गव्हाच्या मुलखात प्रत्येकाच्या गाडीला कधी ना कधी कांगारू धडकलेला असतो. गाडी चेपली, काच फुटली, माणूस मेला, की "कांगारू" म्हणायचे. पुढे कोणी काही विचारत नाही. तो जबाब द्यायला येत नाही, हा त्याचा मोठा गुण.

माझा जन्म अॅडलेडच्या एका लहानशा कारखान्यात, सत्तर वर्षांपूर्वी झाला. मरून रंग, हाताने ओढलेली सोनेरी रेघ आणि मागच्या मडगार्डच्या टोकाला पांढरा पट्टा, असे माझे रूप होते. हेझलचे वडील माझ्यावरून रुळांची तपासणी करायला जात. त्यांच्यानंतर हेझलने मला घेतले. तीस वर्षे ती शाळेचे ग्रंथालय सांभाळायला माझ्यावरून गेली आणि निवृत्तीनंतर म्हाताऱ्याकोताऱ्यांना पुस्तके पोचवायला. दर वर्षी, गव्हाचे ट्रक सुरू होण्याआधी, ती माझा पांढरा पट्टा नव्याने रंगवी. मागून येणाऱ्याला आपण दिसावे, एवढीच तिची अपेक्षा होती.

तिची मुलगी गेल शहरात राहते. अपघाताच्या आधीच्या रविवारी ती आली होती आणि माझे ब्रेक तिनेच आवळून दिले होते. आता निष्कर्षातले दुसरे वाक्य पुन्हा वाचा, म्हणजे ते कोणाच्या उरावर बसले ते कळेल.

त्यानंतर आठ महिने मी हेझलच्या मागच्या ओसरीत होते. दर शनिवारी गेल येई, माझ्यापुढे उकिडवी बसे आणि ब्रेकचा दांडा दाबून पाही. ब्रेक लागत. प्रत्येक वेळी लागत. तरी तिने आपल्या हातावर विश्वास ठेवला नाही, छापील कागदावर ठेवला. रिकाम्या घरात माझ्या सीटवर एक वजन अजून बसलेले असे. ते उतरत नव्हते आणि पायडलही मारत नव्हते.

शेवटी गेल मला गावातल्या शेडमध्ये घेऊन गेली. तिथे निवृत्त माणसे जमतात, चहा पितात, मोडक्या वस्तू नीट करतात आणि एकमेकांची उणीदुणी काढतात. जाड्या केव्हने मला उलटी केली.

"हे बघा रे! कांगारूनं वळसा घालून मागून लाथ घातलेली दिसतेय."

"ट्रॅफिकचे नियम पाळणारा होता बिचारा," कोणीतरी म्हणाले. सगळे हसले. आठ महिन्यांत कोणी खरे बोलले असेल, तर तो हा विनोद होता.

हसला नाही तो फक्त लॉरी नॉइमान. हेझलच्या शेजारचा शेतकरी, शेडमधला सर्वांत कुशल हात. हेझल रस्त्यात पडलेली पहिल्यांदा त्यालाच दिसली होती आणि पळणारा कांगारूही त्याला एकट्यालाच दिसला होता.

"केव्ह, ती खाली ठेव," तो म्हणाला. "ही मी करणार."

"लॉरीकाका, तुम्ही कराल?" गेलने विचारले. "आईला फार बरं वाटलं असतं."

"तू जा पोरी. मी बघतो."

त्याचे हात मी ओळखले. त्या सकाळी त्याच हातांनी मला हेझलच्या अंगावरून उचलून कुंपणाला टेकवले होते.

सहा आठवडे तो माझ्यावर खपला. भंगारातल्या टपालवाल्याच्या सायकलीचे मागचे चाक आणले, बसवले, तासन्‌तास ते सरळ फिरेपर्यंत त्याची आऊट काढली. कुठल्याशा मुलीच्या सायकलीचे निळे मडगार्ड, तिसरीचे कॅरिअर, चौथीची चेन. माझ्या मागच्या अंगात परक्यांच्या आठवणी वळवळू लागल्या: भुंकणारे कुत्रे, कोणाचे तरी शाळेचे फाटक, न पोचलेली पत्रे. साक्ष देऊ शकेल असा माझा प्रत्येक भाग त्याने हळुवारपणे, तेल लावून, काढून घेतला. याला जीर्णोद्धार म्हणतात. केव्हने तर त्याची पाठ थोपटली.

"काय हात आहे रे लेका तुझा! जिवंत केलीस."

लॉरी बाहेर जाऊन ओकला. चहा नासका होता, असे त्याने सांगितले.

जुन्या वस्तू जपा, असे अशा गोष्टींच्या शेवटी सांगायची रीत आहे. मित्रांनो, मी इतकेच मागते: मोडलेली वस्तू दुरुस्त करण्याआधी ती कशाने मोडली, ते विचारा. जपणूक तिथून सुरू होते. नुसत्या रंगरंगोटीला माझ्याकडे दुसरा शब्द आहे, पण तो मुलांसमोर वापरू नये.

लॉरी चुकला तो आपल्या काटकसरीने. दुष्काळात वाढलेल्या त्या माणसांच्या हातून चांगला पत्रा फेकला जात नाही. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी बांधून आढ्याच्या तारेला टांगायचा, हा शेडचा शिरस्ता. चाळीस वर्षे त्याच्या बोटांत तो मुरला होता. डोके नको म्हणत असेलही, बोटांनी ऐकले नाही. गेल मला न्यायला आली, तेव्हा माझे जुने मागचे मडगार्ड तिच्या डोक्यावर लोंबत होते. चिठ्ठीवर लॉरीचे वळणदार अक्षर होते: "हेझल. मागचे. टोक चेपलेले, पण पत्रा उत्तम."

गेलने ते खाली ओढले. आईने रंगवलेला पांढरा पट्टा आत दबला होता आणि त्यावर हिरव्या रंगाचा बोटभर जाड ओरखडा होता. ती दारात गेली. झाडाखाली लॉरीची हिरवी पिकअप उभी होती, पुढच्या लोखंडी आडदांड्यापर्यंत हिरवी. तिने मडगार्ड दांड्याशी नेऊन धरले. ते त्यावर तंतोतंत बसले.

केव्ह हातातला कप ठेवून दारात आला.

"लॉरीकाका," ती परत येऊन म्हणाली, "मला एकच सांगा. माझे ब्रेक लागले नाहीत का?"

लॉरीने हातातला पाना मेजावर ठेवला, नेहमीच्या जागी, नेहमीसारखा सरळ. मग तो जे बोलला, ते एकही शब्द न बदलता देते:

"कांगारू नव्हता, गेल. मी होतो. थर्मासचं झाकण पायाखाली घरंगळलं, ते उचलायला मी वाकलो. तुझे ब्रेक लागले होते, पोरी. मागून गाडी येतेय हे ऐकून ती कडेला थांबली होती, एक पाय जमिनीवर टेकून. मला वाट देत होती ती."