उजव्या गालाला साबण, डाव्या गालाला क्रीम

राहात्याच्या बाजारपेठेत आमचं दुकान आहे. आमचं म्हणजे राधाकृष्णशेठचं. मी तिथे कामाला आहे. फण्या, टिकल्या, अत्तरं आणि पुरुषांचं दाढीचं सामान एवढं खातं माझ्याकडे. कुठल्या साबणाला कुठला ब्रश चालतो हे जिल्ह्यात माझ्याइतकं कुणाला कळत नसेल. असलं ज्ञान माणसाच्या काय कामी येतं, हे मंगळवारी दुपारी साडेबारापर्यंत मलाही माहीत नव्हतं.

साडेबाराला मोनिका आली. सोबत तिची मुक्ताआत्या.

मोनिका आणि मी कॉलेजात तीन वर्षं पुढच्या-मागच्या बाकावर बसलो आणि नंतरची दोन वर्षं फोनवर बोललो. मागच्या उन्हाळ्यात तिनं विचारलं होतं, "गोरख, मागणी घालायला घरी कधी येतोस?"

मी म्हणालो, "येतो ना. उसाच्या ट्रॅक्टरवरून येऊ का, मागे दोन ट्रॉल्या जोडून? एकीत पाहुणे, दुसरीत ट्रॅक्टर रुतला तर ढकलायला माणसं."

ती पोट धरून हसली. पोळ्याला तिनं परत विचारलं. मी परत काहीतरी म्हणालो, त्यात तिचे वडील आणि एक गाढव होतं. ती थोडी हसली. दिवाळीत तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी काय म्हणालो ते आठवत नाही. ती हसली नाही, एवढं आठवतं. खरं कारण साधं होतं. तिच्या वडिलांना पुण्यात नोकरी असलेला जावई हवा होता आणि माझी नोकरी टिकल्यांमध्ये होती. नकार ऐकण्यापेक्षा विनोद सोपा गेला.

आता तिचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. नवरा खर्ड्याचा, नोकरी अर्थातच पुण्यात.

"नवरदेवाचं दाढीचं सामान काढ," आत्या म्हणाली. "रुखवतात मांडायचंय. आमच्या बायडाबाईच्या लेकीच्या रुखवतात ठिवलं हुतं, सगळं गाव लाडू सोडून तेच बघत हुतं."

"साबण की क्रीम?" मी विचारलं.

"त्यात काय फरक असतो, दादा?" मोनिका म्हणाली.

दादा. पाच वर्षांत पहिल्यांदा. शेजारी आत्या उभी असताना दुसरं काय म्हणणार म्हणा. तरी मी फळीवरची सरळ खोकी आणखी सरळ केली.

"वाटीतला साबण कडक असतो," मी म्हणालो. "त्याला ताठ केसांचा ब्रश लागतो, घासल्याशिवाय फेस धरत नाही. क्रीम मुळातच मऊ, तिला मऊ ब्रश पुरतो."

आत्यानं ताठ ब्रश उचलला. "कशाचे केस हायेत?"

"डुकराचे."

तिनं ब्रश टाकला आणि गळ्यातली तुळशीची माळ चाचपली. "रुखवतात डुक्कर मांडू व्हय रं? वऱ्हाड मांडवातून माघारी जाईल!"

"हा बॅजरचा. परदेशी प्राणी आहे. साबणाला, क्रीमला, दोन्हीला चालतो."

"त्यो काय खातो?"

"गांडुळं."

"नगं."

"मग हा सिंथेटिक. कारखान्यात बनतो. हा काहीच खात नाही."

आत्याला उपाशी ब्रश पसंत पडला. पण साबण का क्रीम, ते राहिलंच. "मोने, जावईबापूंना फोन लाव," ती म्हणाली. मोनिकानं लावला. आत्यानं तिच्या हातातून घेऊन स्पीकरवर टाकला.

"मला काहीही चालेल, आत्या," पलीकडून आवाज आला. "कातडी जरा नाजूक आहे, साबणानं आग होते एवढंच. तुम्हाला आवडेल ते घ्या. मोनिका, जेवलीस का गं?"

पावणेएक झाला होता. हा प्रश्न मी तिला कधी विचारला होता का, ते आठवून पाहिलं. नव्हता. मला तो माणूस आवडला. त्या दिवसातली ही सगळ्यात वाईट गोष्ट.

"मग क्रीमच घ्या," मी म्हणालो.

"बघितल्याबिगर?" आत्या म्हणाली. "शिर्डीला साडीच्या दुकानात त्यो मिशावाला सोता शालू नेसून दावतो. आन् तू नुसता ब्रश धरून बसलास? लाव तोंडाला. एका बाजूला साबन, एका बाजूला क्रीम."

"साबणाला डुकराचा ब्रश लागेल."

"तुझ्या तोंडाला चालंल."

गल्ल्यावरून शेठनं मानेनं होकार दिला. गिऱ्हाईक म्हणजे देव. मी वाटीत पाणी घेतलं आणि उजव्या गालावर डुकरानं साबण चढवला.

"मोने, दुसऱ्या बाजूला तू लाव," आत्या म्हणाली. "वस्तू हाताला कळली पायजे."

मोनिकानं मऊ ब्रशवर क्रीम घेतली आणि माझ्या डाव्या गालावर गोल गोल फिरवू लागली. पाच वर्षांत तिचा हात माझ्या चेहऱ्याच्या एवढा जवळ कधी आला नव्हता. मधे फक्त चार इंचांचा ब्रश. डोळ्यांत फेस गेला, असं मी शेठला सांगितलं. फेस हनुवटीपाशी होता.

"टोचतंय?" तिनं विचारलं.

"मोनिका, हे लग्न नको करूस," मी म्हणालो.

आत्या एवढी हसली की तिला स्टूल द्यावं लागलं. "अगं बया! शेठ, काय नमुना पाळलाय!"

"असाच हाय त्यो," शेठ डोळे पुसत म्हणाला. "मयतीला गेला तरी लोकांस्नी हसवून येतो."

मोनिका हसली नाही. ब्रश तसाच माझ्या गालाला टेकलेला होता.

"दिवाळीत एवढंच म्हणायचं होतंस," ती म्हणाली. आत्याच्या हसण्यात ते दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही. मग आवाज चढवून, "दादा, ओठ मिटा. तोंडात जाईल."

तिनं राहिलेला गाल पुरा केला. "हाच द्या. क्रीमसोबत."

मी तोंड पुसून नवा ब्रश खोक्यात घातला. आत्या बांगड्यांकडे वळली होती.

"किती दिवस टिकतो?" मोनिकानं विचारलं.

"नीट ठेवला तर आठ-दहा वर्षं."

"नीट म्हणजे?"

मी सांगितलं. दाढी झाली की कोमट पाण्यात धुवायचा, मुळाशी क्रीम राहू द्यायची नाही. झटकायचा, पिळायचा नाही. केस खाली करून टांगायचा, ओला डबीत कोंडायचा नाही. पुरुषांच्या हे लक्षात राहत नाही, तेव्हा सुरुवातीला तूच टांगत जा. त्यांना म्हणावं, खालून वर पातं फिरवू नका, कातडी नाजूक आहे. ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. एवढं सलग, सरळ, मी तिच्याशी कधी बोललो नव्हतो.

"मोने, चल, गाडी जाईल!" दारातून आत्यानं हाक मारली.

"एक मिनिट," ती म्हणाली. "दादा सांगतायत."

"क्रीम वाटाण्याएवढीच घ्यायची," मी म्हणालो, आणि वाटाण्याएवढी म्हणजे केवढी, ते तिला बोटावर दाखवलं.