रंग ओला आहे

बोलतोय मीच, पण मला शोधत बसू नका, सापडणार नाही. मी चांदीचा एक थर आहे. इतका पातळ, की कागदसुद्धा माझ्यापुढे गादीसारखा जाड वाटावा. पण ऐट म्हणाल तर विचारू नका!

माझा जन्म झाला त्या खोलीत शिंकायचीही चोरी होती. माणसं टोपीपासून बुटांपर्यंत पांढऱ्या कापडात गुंडाळलेली, नुसते डोळे तेवढे दिसायचे. एका बंद पेटीत कृत्रिम गुडघ्याचे धातूचे भाग टांगले, आतली हवा ओढून घेतली आणि चांदीची वाफ सोडली. मी धातूवर बसलो तो असा, की उठायचं नाव नाही. तपासणाऱ्या बाईंनी सूक्ष्मदर्शकाखाली मला न्याहाळलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा बघ, कसा शहाण्यासारखा बसलाय!" मी खूश.

माझं काम सोपं सांगतो. शरीरात असा धातू बसवला की त्याच्याकडे दोघं धाव घेतात. एकीकडून हाड येतं, त्याला घट्ट धरायला. दुसरीकडून जंतू येतात, ठाण मांडायला. जंतूंनी आधी जागा पकडली, तर ते अंगावर एक चिकट पांघरूण ओढून घेतात. मग औषधं वरून कितीही ओता, खाली पोचतच नाहीत. म्हणून हाड येईपर्यंत जंतूंना टेकू द्यायचं नाही. त्यासाठी मी स्वतःतली चांदी कणाकणाने सोडत राहतो, आणि काम करता करता संपतो. वाईट वाटतं का? छे! कपाटात काळं पडत राहण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

माझ्या वाट्याला आला एक रंगारी. साठी ओलांडलेला, तोंडाने फटकळ. शिडी चढून चढून त्याचा उजवा गुडघा झिजला होता. आदल्या वर्षी नवा बसवला, तर त्यात जंतू शिरले आणि तो काढावा लागला. आता ही दुसरी खेप. डॉक्टरबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "काका, हाही बिघडला तर पाय सरळ ठेवून हाडं जोडून टाकावी लागतील. मग गुडघा वाकणार नाही."

वाकणार नाही म्हणजे ब्रशही सुटला. त्याच्या स्वतःच्या बैठकीच्या खोलीत एक भिंत अर्धीच रंगलेली होती, वर नवी पिवळी आणि खाली जुनी मळकट निळी. गावभर लोकांची घरं रंगवून झाल्यावर कुठे घरचा नंबर लागला, तर तेव्हाच गुडघ्याने दगा दिला. दुसऱ्या कुणाचा ब्रश तो त्या भिंतीला लागू देत नव्हता.

डॉक्टरबाईंनी माझी माहिती सांगितली तसा तो खाटेवर उठूनच बसला.

"थर? किती हात मारलेत?"

"एकच."

"एकच? अहो बाई, मी संडासाच्या दाराला तीन मारतो!"

"अहो, गप्प बसा ना," बायकोने दटावलं.

"अगं, विचारू तरी दे. आधी नीट घासून घेतलं होतं ना?"

डॉक्टरबाई हसल्या, पण सगळं नीट समजावून सांगितलं. मला मात्र हा माणूस तिथेच आवडला. आजवर माझी इतकी चौकशी कुणी केली नव्हती!

शस्त्रक्रिया झाली, मी मांडीच्या हाडात जाऊन बसलो, आणि काही दिवसांनी आम्ही घरी आलो. सगळं छान चाललं होतं. पण या माणसाला एक खोड. रंग वाळलाय का हे अंगठा टेकवून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. एका दुपारी बायको अंघोळीला गेली आणि याने पट्टीचा कोपरा उचलून टाक्यांवर अंगठा दाबला. वाळलंय का बघायला! अरे, काय म्हणावं या माणसाला!

टाक्यांच्या फटीतून जंतू घुसले. दोन दिवसांत कातडी लालबुंद आणि गरम झाली. बायकोच्या नजरेतून ते कसलं सुटतंय! तिने त्याला तसाच रिक्षात घातला. डॉक्टरबाईंनी सुईने सांध्यातलं पाणी काढून तपासायला पाठवलं, गोळ्या सुरू केल्या आणि बाहेर थांबायला सांगितलं.

बाकावर बसल्यावर तो हळूच म्हणाला, "अगं, मी बोट लावलं होतं."

"कशाला?"

"वाळलंय का बघत होतो."

"मागच्या वेळीसुद्धा?"

त्याने मान खाली घातली. ती रडायलाच लागली. भांडली असती तर त्याला परवडलं असतं. मला तिचा हुंदका थेट हाडातून ऐकू आला, पण मी पुरता कामात होतो. जो येईल त्याला हुसकावत होतो, आणि त्यापायी भराभर झिजत होतो.

पहिला निकाल आला. डॉक्टरबाई स्वतः बाहेर आल्या.

"काका, नशीब समजा. वरच्या कातडीलाच लागलंय, आत सांध्यात काही दिसत नाही. गोळ्या मात्र पूर्ण घ्यायच्या." मग त्यांनी विचारलं, "तुमच्या ओल्या रंगाला कुणी बोट लावलं, तर काय करता हो?"

"शिव्या घालतो."

"मग मी काय करू?"

रंगाऱ्याने अंगठा मुठीत लपवला. सांधा वाचला, त्याचं श्रेय सगळं माझं नाही बरं का, गोळ्यांनीही हात दिला. पण दारात उभा मी होतो, हे खरं.

घरी येताच बायकोने त्याच्या कामाच्या पेटीतून एक पाटी काढली आणि दोरी लावून पट्टीच्या वर, त्याच्या मांडीला बांधली. 'रंग ओला आहे, हात लावू नये.' हीच पाटी त्याने शाळांच्या दारांना आणि जिन्यांच्या कठड्यांना टांगली होती. येणारेजाणारे पोट धरून हसायचे. पण त्या पाटीचा मान त्याने जन्मभर राखला होता, तो याही वेळी राखला. अंगठा शिवशिवला की पाटीकडे बघायचा आणि हात मागे घ्यायचा.

टाके निघाले, पाय हळूहळू वाकू लागला. काल त्याने बैठकीच्या खोलीत बुटकं स्टूल ठेवलं, गुडघा वाकवून बसला आणि मळकट निळ्यावर पिवळा हात मारत शेवटच्या कोपऱ्यापर्यंत गेला. मग पाटी भिंतीला टांगली.

बायको चहा घेऊन आली. तिने पाटी वाचली, त्याच्याकडे बघितलं, आणि ओल्या भिंतीवर अंगठा टेकवला.

"वाळलंय का बघते," ती म्हणाली.

याने शिवी द्यायला तोंड उघडलं, आणि हसतच सुटला. इतका हसला की मी आत हादरलो. म्हणाला, "राहू दे तो ठसा. पुसू नकोस."

माझ्यातली चांदी आता संपत आली आहे. हाडाने धातूला घट्ट धरलंय, तेव्हा माझ्यावाचून अडण्यासारखं काही उरलं नाही. मजेत जातोय मी. जाता जाता एवढंच मागणं, की अंगावर टाके असतील तर त्यांना सुखाने वाळू द्या. अगदीच अंगठा शिवशिवला, तर आमच्या बैठकीच्या खोलीत या. भिंत वाळली आहे, आणि ठशाची जागा तयारच आहे.