न फोडलेले पाकीट

मित्रांनो, मी घरभाड्याच्या कायद्याचा ग्रंथ आहे. आता म्हातारा झालो आहे आणि मला माझीच किळस येते.

१९५० साली कलकत्त्यातल्या एका छापखान्यात माझी बांधणी झाली. बालीगंजचे दिगंबर वकील मला घरी घेऊन आले, तेव्हा माझ्या अंगाला नव्या कातड्याचा वास होता. भाड्याचा कायदा मात्र सारखा बदले. दुरुस्ती झाली की प्रकाशक पाकिटातून छापील चिठ्ठी पाठवीत. ती जुन्या कलमावर डकवायची, म्हणजे वकील कोर्टात चुकत नसे.

हे काम त्यांच्या पत्नी कालिंदीबाई करीत. रविवारी जेवणे झाली की त्या मैद्याची खळ शिजवीत. कसर लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद घालीत.

"मुदतीची तारीख आधी वाचा हो," असे त्या नवऱ्याला बजावीत.

"मग तूच का उभी राहत नाहीस कोर्टात?"

"राहीन की. तुम्ही खळ शिजवा."

१९५३ साली कालिंदीबाई गेल्या. त्यानंतर मला कुणी पुसले नाही. माझ्यावर चहाच्या बशा आल्या, तपकीर सांडली, पानांत कसर झाली. खळीचे भांडे दिसले तरी वकील तोंड फिरवीत. नवे पाकीट आले की ते न फोडता खूण म्हणून माझ्या पानांत घालीत.

पुढच्या वर्षी शकुनबाई आल्या. त्या शाळेत शिकवीत आणि आंधळ्या वडिलांसह दोन खोल्यांत राहत. मालकाने खोल्या रिकाम्या करण्याचा हुकूम मिळवला होता. वकिलांनी मला उघडले, पाकीट बाजूला सारले आणि त्याखालचे जुने कलम वाचले.

"अर्जाची मुदत टळली, बाई. आता इलाज नाही."

त्यांनी पाकीट आणि बाईंचे कागद त्याच पानात ठेवले आणि मला मिटले.

महिन्याने शकुनबाई आपले कागद न्यायला आल्या. खाली ठेलागाडीवर सामान होते आणि वडील ट्रंकेवर बसले होते. वकिलांनी माझ्यातून कागद ओढले, तसे पाकीट जमिनीवर पडले. शकुनबाईंनी ते उचलले, त्यावरचा शिक्का पाहिला आणि ते फोडले.

"मुदत वाढवली होती," त्या म्हणाल्या. "परवापर्यंत होती. आणि हे पाकीट मी पहिल्यांदा आले त्याच्याही आधीचे आहे."

वकील खुर्चीत बसले. "आमची कालिंदी असती तर..."

"गेलेल्या बाईच्या माथी मारू नका, वकीलसाहेब. पाकीट तुमच्या हातात होते."

चिठ्ठी माझ्यावर टाकून त्या जिना उतरल्या. खालून आवाज आला, "शकू, मिळाले का गं कागद?"

"मिळाले, बाबा. चला."

त्या संध्याकाळी वकिलांनी स्वतः खळ शिजवली. ती करपली. तिला घाण वास येत होता. चिठ्ठी तिरकी बसली. तिच्यातली तारीख उलटून गेली होती, तरी ते बोटाने ती सारखी करीत राहिले.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी पुढे वकील झाले, तर माझ्या जाड कातड्यावर विश्वास ठेवू नका. मला पुसा, माझ्यातली कसर काढा आणि आलेले पाकीट त्याच दिवशी फोडा. घरात दुःख असेल, हात उचलत नसेल, तरी फोडा. खाली कुणीतरी ट्रंकेवर बसून वाट पाहत असते.