हरकत असल्यास कळवावे

वकीलबाईंचा प्रश्न अगदी साधा होता. "तुमच्या वडिलांना मुलं किती?"

"मी एकटाच," शेखर म्हणाला. खोटं बोलणारा माणूस अडखळतो म्हणतात, त्यात काही तथ्य नाही. सवयीचं खोटं खऱ्यापेक्षा सुरळीत बाहेर पडतं, आणि शेखरला या खोट्याची नऊ वर्षांची सवय होती.

घर अकोल्याचं, जठारपेठेतलं. वडील जानराव यांनी भाजी विकून, पै पै जोडून बांधलेलं. नऊ वर्षांमागे ते वारले. आई त्याआधीच गेली होती. मिळकत पत्रिकेवर वारसाचं नाव चढवायची वेळ आली, तेव्हा कागद करून देणाऱ्या माणसाने हळूच विचारलं होतं, "बहीण आहे का? तिचं नाव टाकलं, तर उद्या घर विकताना तिची सही लागंल."

बहीण होती की. जमुना, थोरली, तेल्हाऱ्याला दिलेली. शेखर तिला बाई म्हणायचा. आता बाईला नुसतं सांगितलं, तर ती एका शब्दावर सही करेल, मग उगाच तिला एसटीचे धक्के कशाला खाऊ घालायचे? असा तिच्याच सोयीचा विचार करत करत त्याने प्रतिज्ञापत्रावर सही ठोकली. 'मयतास माझ्याशिवाय अन्य वारस नाही.' आपल्याकडे बहिणीची इतकी काळजी घेणारे भाऊ गल्लोगल्ली सापडतात.

आता त्याची मुलगी चंदा अमरावतीला नोकरीला लागली होती. तिच्या जवळ राहावं म्हणून शेखरने तिथे एक फ्लॅट ठरवून विसार दिला होता. जठारपेठेतलं घर अनुप नावाचा एक शाळामास्तर घेत होता, आणि साधना वकीलबाई त्या मास्तरांच्या बाजूने काम पाहत होत्या. कागद चाळून त्या म्हणाल्या, "कागद तर ठीक दिसतात. पण पेपरात जाहीर सूचना द्यावी लागेल. कोणाची हरकत असेल, तर पंधरा दिवसांत कळवावी म्हणून."

"द्या ना," शेखर म्हणाला. जाहीर सूचना वाचतं कोण? त्याने स्वतः जन्मात एकही वाचली नव्हती.

चूक इथेच झाली. सूचना छापून आली ती निधनवार्तांच्या खाली. आणि वऱ्हाडात पन्नाशीपुढचं माणूस पेपर उघडलं की आधी तेच पान काढतं, कोण गेलं ते पाहायला. तेल्हाऱ्यातही तोच पेपर येतो.

चौथ्या दिवशी वकीलबाईंचा फोन आला. "जरा या. एक बाई आल्या आहेत. जमुनाबाई नाव सांगतात."

शेखर लगेच निघाला. वाटेत त्याने काय करावं? दुकानात शिरून साडी घेतली. बहिणीची सही आणि साडी यांचं नातं आपल्याकडे जुनं आहे. कचेरीत तिने अंगठा टेकवायचा, भावाने साडीचोळी करायची, म्हणजे हक्कही सुटतो आणि माहेरही तुटत नाही. साडी मोरपंखी रंगाची होती. बाईला कोणता रंग आवडतो ते त्याला आठवेना, म्हणून दुकानदाराने पुढे केली तीच घेतली.

बाई बाकावर बसली होती. मांडीवर कापडी पिशवी, हातात पेपरचं कात्रण. अनुप मास्तर खुर्चीत बसून फरशीकडे बघत होते.

"इथं लिवलं आहे, हरकत असंल त कळवा," बाई वकीलबाईंना म्हणाली. "म्हणून कळवाले आली."

"काय हरकत आहे, मावशी?"

"घर विकाले काई हरकत नाई माही. त्यानं खुशाल जावं अमरावतीले, पोरीजवळ. पण इथं लिवलं का जानरावले एकच वारस. त्याच पानावर वरतं मेलेल्यायचे फोटो होते. मी सारे पाह्यले. त्यात माहा फोटो काई दिसला नाई. मंग म्या म्हटलं, जाऊन सांगाव का मी जित्ती हावो."

शेखरचे कान तापले. बाई ओरडली असती, रडली असती, तर त्याला समजूत काढता आली असती. ती तर बाजारात वांग्याचा भाव सांगावा तशी बोलत होती.

वकीलबाईंनी चष्मा काढला. "शेखरराव, लग्न झालं म्हणून मुलीचा हक्क जात नाही. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नाही, आई नाही. म्हणजे घर अर्धं तुमचं, अर्धं यांचं. पत्रिकेवर नाव नसलं म्हणून मालकी जात नाही. हे घर मास्तरांनी तसंच घेतलं असतं, तर उद्या ते कोर्टात उभे राहिले असते. आणि खोटं प्रतिज्ञापत्र हा गुन्हा आहे, ते वेगळंच."

"बाई," शेखर म्हणाला. पुढचं गिळून टाकावं असं त्याला वाटलं, पण ते निघून गेलं. "मले वाटलं, तू काई नाई म्हणणार नाईस."

"नसतंच म्हटलं. पण तू इचारलं असतं, त हो म्हणाले त भेटलं असतं ना मले."

त्याने साडीची पिशवी पायाने खुर्चीखाली सरकवली. बाईने ते पाहिलं.

"काय आणलं?"

"साडी."

"राहू दे. सही कोणती कराची, ते अजून ठरलं नाई."

वकीलबाईंनी दोन वाटा सांगितल्या. बाईने हक्कसोडपत्र नोंदवून द्यावं, नाहीतर भावाच्या जोडीने विक्रीच्या खतावर सही करून आपला अर्धा वाटा घ्यावा. पण आधी शेखरने नवं, खरं प्रतिज्ञापत्र करायचं आणि बाईचं नाव पत्रिकेवर चढवायचं. त्याला महिना-दोन महिने लागतील.

"थांबतो मी," मास्तर म्हणाले, तेही शेखरकडे न बघता.

"आधी नाव लावा," बाई म्हणाली. "सोडाले आधी हातात त पाह्यजे. मंग सोडीन का ठेवीन, ते मी पाहीन."

शेखरने मान डोलावली. तिकडे अमरावतीचा विसार बुडेल की काय, हे आता त्याच्या मनातही येत नव्हतं. समोरच्या परक्या माणसाने आपल्याला पुरतं ओळखलं, आणि तेही बाईच्या देखत, यानेच त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

वकीलबाईंनी कॉम्प्युटर पुढे ओढला. "मयताचे वारस सांगा. थोरल्यापासून."

"जमुना," शेखर म्हणाला. "मुलगी."

"वय?"

वकीलबाईंची बोटं कीबोर्डवर थांबून राहिली. सख्ख्या बहिणीचं वय त्याला ठाऊक नव्हतं. बाई खिडकीबाहेर बघत होती. तिने मदत केली नाही.

"बाई," शेवटी त्यालाच विचारावं लागलं, "तुह्यं वय किती?"

"जठारपेठेतलं घर बांधलं, तवा शाळा सोडून एकवीस दिवस भिंतीयले पाणी मारलं म्या. चवदाची होती तवा. तू सात वर्साचा. लहानसा लोटा घेऊन मांगं मांगं फिरे. लाव हिशोब."

त्याला तो लोटा आठवला. पितळी होता. तो जड होतो म्हणून बाई निम्माच भरून द्यायची, तेही आठवलं.

"एकोणसाठ," तो म्हणाला.

वकीलबाईंनी वारस क्रमांक एकपुढे ते लिहिलं, आणि म्हणाल्या, "आता तुमचं."